कोरी म्हणून लिहिलेली कॅसेट

लालासाहेब जगदाळ्यांचा माणसांवर विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट ते लपवतही नसत. फलटणच्या खालच्या अंगाला, कालव्याकाठी त्यांचं घर. सायकल स्वतःच्या अंगणात उभी केली तरी तिला साखळी. विहिरीवरच्या मोटरच्या पेटीला एकावर एक दोन कुलपं. दाढीचा ब्रशसुद्धा वापरून झाला की फळीमागं दडवायचा. फौजेत सिग्नलला नोकरी झाली होती. तिथं एकदा त्यांचे नवे बूट बराकीतून गेले, आणि ज्यानं नेले तोच त्यांच्याबरोबर दिवसभर बूट शोधत फिरला. झालं! जो मदतीला धावून येतो त्याच्यावर आधी नजर ठेवायची, हे तेव्हा जे डोक्यात बसलं ते पेन्शनीत आल्यावरही हललं नाही.

त्यांची बायको अंबूबाई म्हसवडची. तिचं सगळं उलट. दार सताड उघडं, आणि आल्यागेल्याच्या हातावर काही ठेवल्याशिवाय तिला चैन नाही. शेजारच्या साळूबाईकडून कालवणाची वाटी आली की ती धुऊन, पुसून, तिच्यात गुळाचा खडा नाहीतर मूठभर शेंगदाणे घालूनच परत जायची. आपल्याकडं रिकामं भांडं परत देत नाहीत. लालासाहेब ओसरीवरनं बघायचे आणि पुटपुटायचे, "कालवण आलं पळीभर, शेंगदाणं गेलं मूठभर. तोटा कुणाचा?" अंबूबाई हसायची, पदर तोंडाला लावायची आणि वाटी घेऊन कुंपणापाशी जायची.

वायरींचं वेड मात्र लालासाहेबांना मूळचंच. घरात टीव्ही आला, पत्र्यावर डिशची छत्री आली, एका फौजी दोस्ताकडून व्हीसीआर आला, मग दुसराही आला. एकावर बघायचं, दुसऱ्यावर भरून घ्यायचं. कुस्त्या, सव्वीस जानेवारीचं संचलन, शेतीचे कार्यक्रम, जे दिसेल ते भरायचं आणि माळ्यावरच्या काळ्या ट्रंकेत टाकायचं. आता हे भरलेलं मागायला सगळं गाव येणार, आणि नेलेली वस्तू परत कोण आणून देतो? म्हणून त्यांनी नामी युक्ती काढली. कॅसेटवर खरं नाव लिहायचंच नाही. कुस्तीच्या कॅसेटवर 'जनावरांचे लसीकरण'. संचलनाच्या कॅसेटवर 'गोबरगॅस : देखभाल'. बघू कोण मागतंय गोबरगॅस! कशात काय आहे ते फक्त त्यांच्या डोक्यात, आणि डोक्याला कुलूप लागत नाही, एवढीच त्यांची खंत.

पण त्यांचा जीव अडकला होता तो एकाच कॅसेटमध्ये.

त्याचं असं झालं. एकदा ठिबकवरचा ऊस बघायला टीव्हीची माणसं त्यांच्या रानात आली. लालासाहेबांनी इस्त्रीचा सदरा घातला, भाषण पाठ केलं, उसाच्या सरीत छाती काढून उभे राहिले. दोन वाक्यं बोलले असतील नसतील, तेवढ्यात कॅमेऱ्याबरोबरच्या बाईनं अंबूबाईला विचारलं, "पाणी कधी सोडायचं हे तुम्हाला कसं कळतं हो?" आणि अंबूबाई जी बोलायला लागली! ऊस बोलत न्हाई पर पान बोलतंय, म्हणाली. सकाळच्या पारी पान वळल्यालं दिसलं की समजायचं, लेकराला तान लागलीया. बोलता बोलता हसली, लाजली, पुन्हा बोलली. निघताना कॅमेऱ्यासकट सगळ्यांना दारात थांबवून गुळाचे खडे दिले. कार्यक्रम लागला तेव्हा लालासाहेब दिसले चिमूटभर, बाकी सगळी अंबूबाई. ते आठवडाभर घुश्शात होते. पण कार्यक्रम भरून मात्र घेतला.

पुढच्याच वर्षी कावीळ झाली आणि अंबूबाई गेली.

भिंतीवर तिचा फोटो होता. तो कुठल्याशा बारशाच्या घोळक्यातून कापून मोठा केलेला, नाक-डोळे पुसट, शेजारणीचा अर्धा खांदा आत आलेला. हलणारी, बोलणारी, हसणारी अंबूबाई जगात एकाच ठिकाणी उरली होती, ती त्या कॅसेटमध्ये. लालासाहेबांना एकच धास्ती. कुणी नेली तर? कुणी वर दुसरं भरलं तर?

मग त्यांनी आपल्या परीनं बंदोबस्त केला. नवीन कॅसेट घेतली, तिचा बहुतेक सगळा भाग मोकळा सोडला, आणि पार शेपटाला अंबूबाईला उतरवून घेतलं. म्हणजे कुणी लावलीच तर पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसतील आणि तो कंटाळून काढून टाकील. एक वस्तू दोन ठिकाणी ठेवली तर चोराला दोन वाटा, म्हणून पहिल्या कॅसेटवर कुस्ती भरून टाकली. कॅसेटच्या पाठीला प्लास्टिकची चिपटी असते, ती मोडली की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. बाकीच्या भरलेल्या झाडून सगळ्या कॅसेटींची चिपटी त्यांनी मोडली होती. हिची मोडली नाही. का, तर चिपटी मोडलेली दिसली की आत काहीतरी मोलाचं आहे हे शहाण्या माणसाला कळणार! त्याच हिशेबानं ट्रंकेलाही कुलूप नव्हतं. वर चिठ्ठी लावली, 'कोरी'. आणि ओळखू यावी म्हणून कोपऱ्यात खिळ्यानं एक बारीक खाच पाडली. घरात कुणी नसलं की दार लावून ते ती बघायचे, आणि डोळे पुसून पुन्हा ट्रंकेत ठेवायचे. पहिल्या वर्षी असं बऱ्याचदा झालं. मग बघितलं की चार दिवस अन्न गोड लागेना, म्हणून बघायचं कमी केलं, पुढं सोडूनच दिलं. आहे ना जागेवर, एवढ्यावर समाधान.

त्यांचा मुलगा शिवतेज सांगलीला कॉम्प्युटरच्या दुकानात होता, माधवनगरला खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीला गावी यायचा. सून क्रांती बालवाडीवर शिक्षिका, ती गावातच. एका सुट्टीला शिवतेज टेंपोतनं एक भलंमोठं खोकं घेऊन आला. सोप्यात टेबल मांडलं, त्यावर कॉम्प्युटर, त्याच्या पोटात टीव्हीचं कार्ड, छत्रीची वायर त्याच्यात, व्हीसीआरची वायर त्याच्यात, आणि तिथनं एक वायर माजघरातल्या टीव्हीला.

"आबा, ह्याला सर्व्हर म्हणायचं," तो म्हणाला. "तुमच्या समद्या कॅसेटी, क्रांतीच्या फ्लॉप्या, पेपर, घरातलं समदं ह्या एकात बसंल. टीव्हीवरचं हेच भरून घेणार. दोन व्हीसीआर नकोत, ट्रंका नकोत. कॅसेटींना बुरशी यायच्या आत करून टाकू."

लालासाहेबांनी यंत्राभोवती एक चक्कर मारली. "समदं एकात?"

"समदं एकात."

"म्हंजे चोराला एकच फेरी."

क्रांतीला हसू आवरेना. लालासाहेबांना नाही आलं हसू. आजवर न मागता मदतीला आलेला माणूस त्यांनी एकच पाहिला होता, बूट नेणारा. पोटचा पोरगा झाला म्हणून काय झालं? सांगलीला राहतो, दुकानात चार लोक येतात, कुणी सांगावं, हे सगळं वायरीतनं तिकडं जात असेल! सिग्नलच्या माणसाला वायरीचं काय सांगता? त्यांनी वायर भिंतीपर्यंत बोटानं चाचपून पाहिली. ती टीव्हीलाच जात होती. तरी मनातली पाल चुकचुकायची ती चुकचुकलीच.

शिवतेजनं ट्रंक खाली काढली, चिठ्ठ्या वाचून ढीग लावले आणि 'जनावरांचे लसीकरण' यंत्रात घातली. पडद्यावर दोन पैलवान एकमेकांना भिडले.

"आबा, ही कसली लस?"

लालासाहेब छताकडं बघत राहिले. शिवतेजनं 'गोबरगॅस' लावली. रणगाडे आले. मग मात्र पोरगा पोट धरून हसला, आणि हसता हसता म्हणाला, "आता समद्या कॅसेटी लावून बघाव्या लागतील. डिस्क मोठी हाय, पर कालवा न्हवं ती. काय ठिवायचं, काय न्हाई, बघूनच ठरवू."

बघूनच ठरवू! शिवतेज जेवायला आत गेल्यावर लालासाहेब गुपचूप ढिगाशी गेले. कोऱ्या कॅसेटींचा वेगळा गठ्ठा होता. एकेक उचलून कोपऱ्यावरनं अंगठा फिरवला. खाच लागेना. पुन्हा फिरवला. ट्रंक उपडी केली. माळ्यावर चढले, जाळ्यात हात घातले, उतरले. खाचेची कॅसेट नव्हती.

आता विचारायचं कसं? विचारलं तर सांगावं लागणार, आणि सांगितलं तर इतक्या वर्षांचं खोटं उघडं पडणार. त्यांनी आडून खडा टाकला.

"शिवतेज, ह्यातली एखादी कोरी कॅसेट कुठं वापरलीस काय रं?"

"एक घेतली न्हवं, वायर तपासायला."

लालासाहेबांनी ती झडप घालून उचलली. खाच नाही. "दुसरी?"

"दुसरी कशाला घिऊ? आबा, कोऱ्या कॅसेटीचं काय एवढं? सांगलीतनं चार आणून देतो."

हे 'आणून देतो' ऐकलं आणि संशय दुप्पट झाला. एवढी घाई का ह्याला भरपाईची? मग नजर क्रांतीकडं वळली. ती भाकरी थापत होती, आणि 'कोरी कॅसेट' म्हटल्यावर तिचा हात क्षणभर थांबला होता, हे त्यांनी टिपलं होतं. बालवाडीच्या कार्यक्रमाला नेली असेल. माहेरी दिली असेल. दोघं मिळून काहीतरी दडवत असतील. दोन दिवस लालासाहेब घरातच टपून राहिले. रानात पाण्याची पाळी होती, तीसुद्धा गड्यावर सोपवली, हे आक्रीत बघायला नाथाजी, म्हणजे साळूबाईचा नवरा, कुंपणापर्यंत येऊन गेला. तो आला म्हटल्यावर लालासाहेबांना वर्षापूर्वीची गोष्ट आठवली. साळूबाईची लेक शालन हिचं लग्न झालं, आणि त्यानंतर एक दिवस साळूबाई रस्त्यात वाकून पाया पडली होती. "भावजी, तुमी लय मोठं काम केलंसा, आमच्या शालनवर उपकार हाईत," म्हणाली होती. लालासाहेबांनी कसलंच काम केलं नव्हतं. ही बया कालव्याच्या पाळीवर डोळा ठेवून गोड बोलतीय, असं ठरवून ते तेव्हापासून तिला टाळत होते.

तिसऱ्या दिवशी शिवतेज म्हणाला, "आबा, कोऱ्या तेवढ्या क्रांतीच्या बालवाडीला देऊन टाकू का?" आणि लालासाहेबांचा तोल सुटला. ते उठले आणि चालू यंत्राचा प्लग भिंतीतनं ओढून काढला.

"आबा! आवं काय करताय! निम्मी कॅसेट उतरली हुती!"

"माजी कोरी कॅसेट मिळाल्याबिगर ह्या घरात हे यंत्र चालायचं न्हाई!"

शिवतेज बापाकडं बघतच राहिला. प्लग अजून म्हाताऱ्याच्या मुठीतच होता. पोराला कॅसेटींवरची सगळी खोटी नावं आठवली, आणि त्याचा आवाजच खाली आला.

"आबा, कोऱ्या कॅसेटीसाठी कुणी असं करत न्हाई. काय हुतं तिच्यात?"

लालासाहेब खाली बसले. "तुजी आई," म्हणाले.

शिवतेजला समजायला वेळ लागला. तो कार्यक्रम लागला तेव्हा तो सांगलीत होता, खोलीवर टीव्ही नव्हता, आणि आई गेल्यावर त्यानं बापाला विचारलं होतं, भरून घेतला होतात का.

"तुमी म्हणाला हुता, ऐन टायमाला लाइट गेली."

"म्हणालो हुतो."

"मला? मला खोटं सांगितलंत?" त्याचा आवाज फाटला. "आवं, मी काय चोर हाय? माजी आई हुती ती! तिचा आवाज कसा हुता ते मला आता नीट आठवत न्हाई आबा, आन तुमी दार लावून एकटं बघत बसलासा?"

लालासाहेबांनी मान खाली घातली ती घातलीच. तेवढ्यात क्रांती पिठाच्या हातांनी दारात आली.

"मामंजी, कोपऱ्यात खाच हुती का तिला?"

"हुती."

"मग ती मी दिलीया. शालनच्या लग्नात. शूटिंगवाला म्हणाला, कॅसेट तुमची आणा. साळूमामी मागायला आल्या, तुमी फौजी कँटीनला साताऱ्याला गेला हुता. लग्नाच्या घराला न्हाई कसं म्हणायचं? वर 'कोरी' लिवलं हुतं, तरी मी लावून बघितली. नुसत्या मुंग्या हुत्या. चिपटी पण शाबूत हुती. म्हणून दिली." आणि ती रडायलाच लागली. "नंतर इसरले, परवा आठवलं तवा बोलायला भ्याले. कोरी तर हुती!"

लालासाहेब तिला काय बोलणार? मुंग्या त्यांनीच पेरल्या होत्या. चिपटी त्यांनीच राखली होती. चिठ्ठी त्यांच्याच हातची होती. आयुष्यभर चोर शोधला आणि तो असा स्वतःच्याच सदऱ्यात सापडला! तरी माणूस कसा असतो बघा, पायात चपला सरकवताना त्यांच्या मनात आलंच की साळूबाईला हे ठाऊक असणार, म्हणूनच ती पाया पडली, चोरटी!

साळूबाई अंगणात तांदूळ निवडत होती. "कॅसेट व्हय? ती शालनच्या सासरी हाय, म्हसवडला," म्हणाली. "मांडवपरतणीला आल्ती तवाच दिल्ती. आवं, बसा की भावजी, किती दिसानं आलासा."

"म्हसवडला कशाला धाडली?" लालासाहेब गुरकावले.

"लेकीचं लगीन लेकीकडं ऱ्हायचं न्हाई तर कुणाकडं?"

तिनं सुपातनं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. काहीतरी बोलणार होती, पण त्यांचा अवतार बघून गप्प बसली. लालासाहेबांनी ते गप्प बसणंही मनात नोंदवून ठेवलं.

शिवतेजनं मोटरसायकल काढली. उसाचा पट्टा मागं पडला, माणदेशाचं उघडं माळरान सुरू झालं, आणि लालासाहेब पाठीमागं बसून एकच हिशेब घोळवत होते. लग्न म्हणजे हळद आली, मिरवणूक आली, अक्षता, पंगती, पाठवणी. एवढं सगळं भरल्यावर कॅसेटमध्ये काय उरतंय? बाईचा जीव एकदा गेला, आता दुसऱ्यांदा गेला, आणि ह्या खेपेला आपल्या हातानं गेला. मोटरसायकलच्या आवाजात त्यांनी रडून घेतलं. पाठीला लागलेला हुंदका शिवतेजला कळला असणार, कारण त्यानं गाडी सावकाश घेतली.

शालननं त्यांना बघितलं आणि डोक्यावर पदर सावरत धावतच बाहेर आली. "काका! आवं, किती वाट बघायची? मी आईला कवापासनं म्हणतीया, काकांना एकदा घिऊन ये." पाणी दिलं, चहा टाकला. कॅसेट बघायची म्हटल्यावर तिला कसलंच नवल वाटलं नाही. व्हीसीआर जोडलेलाच होता.

कॅसेट बाहेर काढली तेव्हा लालासाहेबांनी अंगठा फिरवला. खाच लागली. चिपटी मात्र आता मोडलेली होती.

"ही कुणी मोडली?" त्यांनी दरडावून विचारलं.

"मी," शालन म्हणाली. "वर कुणी काय भरू ने म्हणून."

लग्न सुरू झालं. हळद लागली, घोडा आला, बँडवाले आले. अक्षतांच्या वेळी सगळं गाव मांडवात पुढं बघत होतं आणि एकटे लालासाहेब मांडवाच्या दाराशी चपलांच्या ढिगावर पहारा देत उभे होते. शिवतेजला हसू आलं, ते त्यानं गिळलं. पंगती उठल्या. लालासाहेबांचे दोन्ही हात गुडघ्यांवर आवळलेले. जिथं त्यांचं स्वतःचं भाषण होतं तिथं आता बुंदी वाढली जात होती. शालन जीपमध्ये बसली, साळूबाईनं हंबरडा फोडला, जीप धुळीत दिसेनाशी झाली. पडद्यावर मुंग्या आल्या.

संपलं. लालासाहेब उठायला लागले.

"बसा की काका," शालन म्हणाली. "काकी यायची हाय अजून."

मुंग्या थरथरल्या, एक आडवी रेघ खालनं वर गेली, आणि अंबूबाई दारात उभी होती. हिरवं लुगडं, कपाळावर आठ्या उन्हाच्या, हातात पितळी ताटली. "आसं कसं जाताय?" म्हणाली. "लांबनं आलायसा. घ्या, तोंड गोड करा." आणि गुळाचा खडा सरळ समोर धरला, कॅमेऱ्याकडं, म्हणजे बघणाऱ्याकडंच. कुणीतरी काहीतरी बोललं, ती हसली, पदर तोंडाला लावला. "पुन्ना या," म्हणाली. "ऊस काय पळून जात न्हाई, आन मी बी न्हाई."

तेवढंच होतं. मग कॅसेट संपली.

शिवतेज तोंडावर हात धरून ढसाढसा रडत होता. लालासाहेबांना पुढचं काही दिसेना. शालननंही पदर डोळ्यांना लावला, पण ती बोलत होती.

"लगीन करून हितं आले तवा लय घाबरल्याली. माणसं नवी, घर नवं. एक दिस सगळी रानात गेल्यावर कॅसेट लावली, आईला बघून रडले, आन संपली म्हणून उठले तर काकी आली. गूळ दिला. पुन्ना या म्हणाली. आमच्या सासूबाई आन काकी एका आळीतल्या, बघून त्या पण रडल्या. म्हणाल्या, अंबू माहेराला आली गं. तवापासनं आमी कदी मधी बंद करत न्हाई. काकीनं गूळ दिल्यावरच बंद." तिनं लालासाहेबांकडं पाहिलं. "आईला मी तवाच सांगितलं, काकांनी कॅसेट रिकामी दिली न्हाई. आपल्याकडं भांडं कसं रिकामं देत न्हाईत, तसं काकीला घालून दिलं. खरं हाय न्हवं काका?"

लालासाहेबांनी कॅसेट बाहेर काढून हातात घेतली. 'कोरी' लिहिलेली चिठ्ठी कॅसेटवर अजून होती, तिच्याखाली कुणीतरी लग्नाचं नाव घातलं होतं. नाही म्हणावं तर ह्या पोरीचा गूळ कडू होतो, आणि हो म्हणावं तर आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं. त्यांनी मुलाकडं पाहिलं. ज्याच्याशी खोटं बोलले होते त्याच्याकडंच.

शिवतेजनं नाक पुसलं. "व्हय," म्हणाला. "आबांनीच घालून दिली."

शालननं कॅसेट उसनी दिली, आणि रिकामी कशी द्यायची म्हणून बरोबर पसाभर हरभरे बांधून दिले. लालासाहेबांनी ते निमूट घेतले. गावात शिरताना ते आधी साळूबाईच्या अंगणात थांबले, आणि काही न बोलता हरभऱ्यातली निम्मी ओंजळ तिच्या सुपात ओतली.

घरी यंत्र पुन्हा चालू झालं. क्रांती आली, हात धुऊन, पदर खोचून बसली. तिनं सासू कधी बघितलीच नव्हती. लग्न उतरत राहिलं आणि शिवतेज आकडे बघत होता.

"आबा, जागा लय खाणार हे. लगीन लांबलचक हाय. मी काय करतो, शेवटचं आईचं तेवढं कापून ठिवतो. नाव काय घालू? गोबरगॅस?"

लालासाहेब हसले, बऱ्याच वर्षांनी. "तिचं नाव घाल. अंबूबाई. समद्यांना दिसंल असं घाल."

"बरं. आन लगीन काढून टाकू?"

"कुस्त्या काढ," लालासाहेब म्हणाले. "लगीन ऱ्हाऊ दे सगळं. लग्नाला आलीया ती. वऱ्हाडातनं तिला एकटीला कसं उठवायचं?"